लाल मुनिया, हिरवी मुनिया आणि एक पिंजरा

खिशात दहा रुपयांचं नाणं आहे का? नसेल तर आईकडून माग. ठेव तळहातावर. किती हलकं! साधारण पावणेआठ ग्रॅम.

आता ओळख बघू! जवळजवळ एवढ्याच वजनाचा एक पक्षी आहे. त्याला चोच आहे, पंख आहेत, शेपूट आहे, आत धडधडणारं हृदय आहे. वर आणखी तो गातोसुद्धा! कोण?

मुनिया! चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजली तर जेमतेम १० सेंटीमीटर. अंगणातली चिमणी हिच्यापुढे चांगली दांडगी दिसते. एका चिमणीच्या वजनात दोन-तीन मुनिया सहज बसतील!

तू नागपूरला रामदासपेठेत राहत असशील, तर एक मुनिया तुझ्या घराजवळच भेटू शकते. कॅनॉल रोडच्या आसपास अजून काही जुन्या घरांना आवार आहे, झुडपं आहेत. लेंड्रा पार्क आहे. थोडं पुढे गेलं की कृषी महाविद्यालयाची हिरवी जमीन. अशा ठिकाणी ठिपकेवाली मुनिया येते. पाठ चॉकलेटी आणि पांढऱ्या छातीवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. पावसाळ्यात ती घरटं बांधायला घेते, तेव्हा बघ हं! चोचीत गवताची एक लांबच लांब पात धरते आणि उडते. पात तिच्यापेक्षा कितीतरी लांब! मागे झेंड्यासारखी फडफडत जाते.

पण आज मला तुला तिच्या दोन नातेवाईक बहिणींची गोष्ट सांगायची आहे. एक लाल, एक हिरवी. दोघी एवढ्या जवळच्या की शास्त्रज्ञांनी दोघींना एकाच कुळनावाखाली ठेवलंय. तुझं आणि तुझ्या भावंडांचं आडनाव एक असतं ना, तसं. हे आडनाव आहे ‘अमांडावा’. लाल मुनियाचं पूर्ण नाव अमांडावा अमांडावा. (हो, तेच नाव दोनदा! पाठ करायला किती सोपं!) आणि हिरवीचं अमांडावा फॉर्मोसा.

आडनाव एक, उंची एक, चोचीचा आकारही एक. तरी एकीची जगाला फारशी काळजी नाही, आणि दुसरीची खूप आहे. असं का? चल, शोधू या.

आधी लालीला भेटू.

लाल मुनिया शहराच्या मधोमध सहसा येत नाही. तिला उंच गवत लागतं, आणि जवळ पाणी लागतं. तलावाच्या काठचं दाट गवत, ओढ्याकडेची पाणकणसं, उसाचे फड, आणि आपल्या भंडारा-गोंदियाकडे असतात तशा धानाच्या बांध्या. अशा जागी पावसाळा संपत आला की शांतपणे उभं राहायचं. गवताची एक काडी हलते. मग दुसरी. आणि अचानक टोकावर एक लालभडक ठिपका येऊन बसतो!

तो नर असतो. अंग लालबुंद आणि त्यावर पांढरे शुभ्र ठिपके. स्ट्रॉबेरी डोळ्यांसमोर आण. अगदी तशीच! इंग्रजीत काही लोक त्याला चक्क स्ट्रॉबेरीचंच नाव देतात. काडी वाऱ्यावर झुलते, तिच्याबरोबर तोही झुलतो. तो इतका हलका की काडी मोडत नाही, नुसती वाकते.

आता खरी गंमत ऐक. तीच जागा, तोच नर. पण तू उन्हाळ्यात गेलास किंवा गेलीस तर? स्ट्रॉबेरी गायब!

तिथे दिसेल एक साधासुधा, मातकट तपकिरी पक्षी. मादीसारखाच. फक्त शेपटीच्या वर, कमरेजवळ थोडा लाल रंग उरलेला. लाल पिसं गेली कुठे? झडून गेली! विणीचा हंगाम, म्हणजे घरटं, अंडी आणि पिल्लांचा काळ संपला की तो आपला लाल पोशाख उतरवतो आणि साधी तपकिरी पिसं अंगावर चढवतो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लाल. स्नेहसंमेलनाचा भरजरी पोशाख रोज शाळेत घालून जात नाही ना आपण? त्याचंही तसंच.

यात नवल काय, असं वाटलं का? नवल असं की मुनिया आणि त्यांच्या सख्ख्या-चुलत नातेवाइकांचं घराणं खूप मोठं आहे. आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया अशा तीन खंडांत मिळून शंभराहून जास्त जाती! पण दरवर्षी असा पोशाख बदलून पुन्हा साधं होण्यासाठी लाल मुनियाच प्रसिद्ध आहे. बाकीचे एकदा मोठे झाले की वर्षभर तेच कपडे.

थांब, अजून संपलं नाही. चोच!

लाल मुनियाची चोचसुद्धा रंग बदलते. आणि तीही महिन्यांच्या हिशोबाने! मे महिन्यात चोचीवर लाली चढायला लागते. ती हळूहळू वाढत जाते. नोव्हेंबर-डिसेंबरात चोच गडद लाल होते. मग एप्रिल आला की भराभर काळी पडते. मे आला की पुन्हा लाली सुरू! विचार कर, तुझ्या परीक्षा संपतात आणि सुट्टी लागते, त्याच सुमाराला कुठेतरी गवतात एक चोच काळ्याची लाल व्हायला निघालेली असते. भिंतीवर कॅलेंडर नाही, हातात घड्याळ नाही, तरी वेळ चुकत नाही.

आता तिच्या घरट्यात डोकावू या. (खरंखुरं नाही हं! घरट्याजवळ गेलं की आईबाबा घाबरतात आणि कधीकधी घरटं सोडूनही देतात. आपण गोष्टीतच डोकावू.)

घरटं म्हणजे गवताचा गोल चेंडू. जमिनीपासून फार उंच नाही, दाट गवतात किंवा झुडपात लपवलेला. आत जायला बाजूने छोटं दार. आत मऊ गवत, पिसं आणि पाचसहा पांढरी अंडी. अंडी किती छोटी असतील, तूच अंदाज कर. आईच एका नाण्याएवढी!

पिल्लं बाहेर आली की एक अडचण येते. घरटं चारही बाजूंनी बंद, म्हणून आत अंधार. सहा पिल्लं, सगळी भुकेली. आई दाणा घेऊन आली तर तोंड कुणाचं, कुठे आहे, हे तिला दिसणार कसं?

ओळख पाहू काय युक्ती असेल?

पिल्लांच्या तोंडाच्या आतच नक्षी असते! टाळूवर काळे ठिपके, चोचीच्या कडेला उठून दिसणाऱ्या खुणा. पिल्लाने आ केला की रांगोळी दिसावी तसं दिसतं. आईला बरोबर कळतं, दाणा इथे टाकायचा! मुनियांच्या सगळ्या घराण्यात पिल्लांच्या तोंडात अशा खुणा असतात, आणि प्रत्येक जातीची नक्षी वेगळी. पिल्लू मोठं झालं, स्वतः दाणे टिपायला लागलं की नक्षी पुसट होत जाते. मला विचारशील तर मुनियांबद्दलची मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. घरट्यात कुणी दिवा लावत नाही, आणि तरी कुणाचं तोंड चुकत नाही!

आणि गाणं? मुनिया हा ‘गाणाऱ्या पक्ष्यां’पैकी एक. पण तू लगेच कोकीळ मनात आणलीस किंवा आणलास ना? आता धक्का बसेल! शास्त्रज्ञांच्या हिशोबात कोकीळ गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात नाहीच. कोण आहे माहीत आहे? कावळा!

खरंच! या गटात जायला आवाज गोड असावा लागत नाही. आवाज काढायचं यंत्र खास असावं लागतं. आपला आवाज गळ्यात वरच्या बाजूला तयार होतो. हात लावून ‘आ’ म्हण, थरथर जाणवेल. पक्ष्यांचं आवाजाचं यंत्र मात्र खाली, छातीत असतं. श्वासनळी जिथे दुभंगून दोन फुप्फुसांकडे जाते, तिथे. गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये हे यंत्र इतकं बारकाईने चालतं की डावी आणि उजवी बाजू वेगवेगळे सूर काढू शकतात. एकाच वेळी! एकट्याने दोन माणसांचं गाणं! कावळ्याकडेही असं खास यंत्र आहे, तो त्यातून काव काव करतो एवढंच.

मुनियाचं गाणं अगदी हळू असतं. बारीक, नाजूक, एकमेकांत गुंतलेले सूर. सेंट्रल बाजार रोडवर संध्याकाळी गाड्यांच्या गर्दीत ती गायली तर आपल्याला पत्ताही लागणार नाही. गवतात, शांततेत, जवळ गेल्यावरच ऐकू येतं. उडताना मात्र थव्यातले सगळे सारखे बारीक चिवचिवत राहतात, म्हणजे कुणी मागे राहत नाही.

आता हिरवीला भेटू. आणि हिला भेटणं कठीण आहे, म्हणून नीट लक्ष दे.

हिरवी मुनिया म्हणजे पाठीवर कोवळ्या पानांचा हिरवा, पोटावर पिकलेल्या लिंबाचा पिवळा. चोच लालचुटूक, मेण लावून चमकवल्यासारखी. आणि दोन्ही कुशींवर? काळेपांढरे पट्टे, झेब्र्यासारखे! एवढ्याशा पक्ष्याने एवढे रंग कुठून जमवले असतील! मादीही अशीच, फक्त जरा फिकट. लाल मुनियाच्या नरासारखी ही पोशाख बदलत नाही. बारा महिने हिरवी.

राहणी बहिणीसारखीच. थव्याने फिरायचं. गवताचं बी टिपायचं. चोचीत बी धरून जिभेने फिरवायचं, साल खाली टाकायची आणि आतला दाणा गिळायचा. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत! घरटं उंच गवतात किंवा उसाच्या फडात, तसंच चेंडूसारखं.

ती कुठे भेटते? राजस्थानातल्या माउंट अबूला. अचलगड, ओरिया अशी गावं आहेत तिथे. मोठमोठे गोल दगड, मधे झुडपं, खाली छोटी छोटी शेतं. त्या झुडपांतून हिरव्या मुनिया बाहेर येतात, दाणे टिपतात, खळग्यातलं पाणी पितात आणि पुन्हा आत पळतात. देशभरातून पक्षीनिरीक्षक फक्त तिला बघायला अबूला जातात. दहा ग्रॅमच्या पक्ष्यासाठी शेकडो किलोमीटरचा प्रवास! मी तर म्हणेन, जावंच.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. जगाला हिरवीची काळजी का?

तुझं शाळेचं प्रगतिपुस्तक असतं. तसं जगभरच्या प्राण्यांचं, पक्ष्यांचं, झाडांचंही एक आहे! स्वित्झर्लंडमध्ये मुख्य कार्यालय असलेला आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ १९४८ साली स्थापन झाला. त्याने १९६४ साली ‘लाल यादी’ सुरू केली. कुठला जीव मजेत आहे आणि कुठला संपायला आलाय, हे त्या यादीत कळतं.

पहिल्या पायरीवर मजेत असलेले जीव, ज्यांची काळजी सर्वांत कमी. त्याखाली संकटाच्या उंबरठ्यावर उभे असलेले. त्याखाली असुरक्षित. मग संकटग्रस्त, मग अतिसंकटग्रस्त. त्याच्याही खाली ते, जे जंगलात उरलेच नाहीत, फक्त माणसाने पाळलेले शिल्लक आहेत. आणि तळाशी नामशेष. तिथून वर कुणी येत नाही.

लाल मुनिया पहिल्या पायरीवर आहे. हिरवी मुनिया तिसऱ्या. असुरक्षित.

एकाच घरातल्या दोन बहिणींत एवढा फरक! कारण शोधायला भारताचा नकाशा घे.

नागपूरच्या मुलांना यात एक सोय आहे. रामदासपेठेपासून थोड्याच अंतरावर शून्य मैलाचा दगड आहे. पाहिलायस ना? वालुकाश्माचा खांब आणि बाजूला चार घोडे. देशाची मोजणी चालू होती त्या काळात, १९०७ साली उभारलेला. आता नकाशात बरोबर तिथे बोट ठेव. बोटाभोवती एक मोठं वर्तुळ काढ. वर दक्षिण राजस्थान आणि उत्तर प्रदेशाचा काही भाग येऊ दे. पूर्वेला बिहार-बंगालची कड. मधे मध्य प्रदेश. खाली आपला महाराष्ट्र आणि आंध्राचा उत्तर भाग.

झालं! हिरवी मुनियाचं सगळं जग या वर्तुळात आलं. आणि त्याच्या जवळजवळ मधोमध कोण? तुझं बोट!

त्यातही ती सगळीकडे नाही बरं. एक थवा इथे, एक थवा तिथे, आणि मधे लांबच लांब रिकामी जागा. आणि वर्तुळाच्या बाहेर? चीनमध्ये नाही, आफ्रिकेत नाही, अमेरिकेत नाही. जंगली हिरवी मुनिया म्हणजे भारताचीच मुनिया. मोरसुद्धा आपल्याशिवाय श्रीलंकेत, नेपाळात मिळतो. हिरवी मुनिया तेवढीही नाही. वाघापेक्षा जास्त आपली आहे ती!

लाल मुनियाचं वर्तुळ काढायला मात्र हा नकाशा पुरणार नाही. पाकिस्तान, भारत, नेपाळ, बांगलादेश, म्यानमार, आणि पुढे पार इंडोनेशियाच्या जावा बेटापर्यंत ती आहे. शिवाय, हे ऐकून तू उडालाच पाहिजेस किंवा उडालीच पाहिजेस, ती स्पेनमध्येही आहे! फिजीत आहे. प्रशांत महासागराच्या मधोमध असलेल्या हवाई बेटांवरही आहे!

पण एवढासा पक्षी समुद्र ओलांडून गेला कसा? उडून? शक्यच नाही.

पिंजऱ्यातून गेला.

लाल मुनिया सुंदर, छोटी, आणि दाण्यावर जगणारी. त्यामुळे माणसांना ती फार पूर्वीपासून पाळायला हवी असायची. इथे गवतावर जाळी टाकून शेकड्यांनी मुनिया पकडायच्या, पिंजऱ्यात कोंबायच्या, जहाजाने दूरदेशी पाठवायच्या. स्वीडनच्या कार्ल लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७५८ साली लाल मुनियाचं शास्त्रीय नाव जगापुढे ठेवलं. तो भारतात कधी आलाच नव्हता! मुनियाच तिकडे पोचल्या होत्या, त्यालाही आता अडीचशेहून जास्त वर्षं झाली. वाटेत किती मेल्या असतील, ते मोजायला कुणी थांबलं नाही. पण काही ठिकाणी काही पक्षी सुटले. स्पेनमध्ये त्यांना नदीकाठचं गवत मिळालं, भाताची शेतं मिळाली. त्यांनी घरटी बांधली, पिल्लं काढली आणि तिथल्याच झाल्या.

हिरवीचाही पिंजरा तोच होता. तिलाही असंच पकडलं, असंच विकलं. लाल मुनिया पिंजऱ्यातून जगभर पसरली. हिरवी त्याच पिंजऱ्यामुळे स्वतःच्या घरातच कमी झाली!

दिवाळीत घरी लाडवांचा मोठा डबा असतो. येताजाता कुणी एक उचलला तर पत्ताही लागत नाही. पण ताटलीत चारच लाडू असतील आणि त्यातले दोन कुणी घेतले, तर? लाल मुनियाचा डबा मोठा होता. अर्ध्या आशियाभर पसरलेला. एका गावच्या मुनिया पकडल्या तरी शेजारच्या गवतातून नव्या येत. हिरवीचा थवा पकडला, तर ती जागा रिकामीच राहते, कारण पुढचा थवा फार लांब असतो. आता जंगलात सगळ्या मिळून काही हजारच हिरव्या मुनिया उरल्या असाव्यात असा अंदाज आहे. क्रिकेटच्या सामन्याला आपल्या जामठ्याच्या स्टेडियममध्ये यापेक्षा जास्त माणसं बसतात!

मुनिया विकणारे लोक आणखी एक वाईट गोष्ट करतात. साध्या मुनियांना रंग फासून विकतात. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या. गिऱ्हाईकाला वाटतं, वा, किती छान परदेशी पक्षी! रंगाने पिसं चिकटतात. पक्षी चोचीने पिसं साफ करतो, तेव्हा तो रंग त्याच्या पोटात जातो. बिचाऱ्याला धड उडताही येत नाही. आणि खऱ्या लाल मुनियाचं काय होतं, माहीत आहे? पिंजऱ्यात, चुकीचं खाणं खाऊन, तिचा लाल रंग कधीकधी काळपट होत जातो. ज्या रंगासाठी पकडली, तोच रंग जातो!

मग कुणी थांबवलं नाही का? थांबवलं! भारतात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुढे १९९०-९१ मध्ये आपल्याकडच्या जंगली पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. म्हणजे मुनिया पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळं गुन्हा. लालही आणि हिरवीही. पोपटाचंही तेच बरं का! हिरवी मुनियासाठी वन्यजीवांच्या व्यापाराबद्दल देशादेशांमध्ये जो करार आहे, त्यातही १९९७ पासून खास नियम आहे. युरोपनेही आता जंगलात पकडलेले पक्षी आणण्यावर बंदी घातली आहे. तरी चोरून पकडणारे असतात. म्हणून कुठे पिंजऱ्यात रंगीत मुनिया विकायला दिसल्या, तर दया आली म्हणून विकत घ्यायच्या नाहीत. हे कठीण आहे, मला माहीत आहे. पण एक विकली गेली की तो उद्या दुसरी पकडतो. घरच्या मोठ्यांना सांगून वन विभागाला कळवायचं.

आणि आणखी एक गोष्ट आहे, तिच्याविषयी कुणी फारसं बोलतच नाही. गवत!

तुला सांगितलं, ‘निसर्गाचं चित्र काढ’, तर काय काढशील? डोंगर, सूर्य, नदी, झाड. गवत काढशील का? फार तर खाली चार हिरव्या रेघा. मोठ्या माणसांचंही असंच असतं. झाड तोडलं तर लोक भांडायला येतात, आणि मला ते फार आवडतं. पण रिकाम्या भूखंडावरचं गवत कापलं, तलावाकाठचं गवत जाळलं, तर सगळे म्हणतात, ‘बरं झालं, साफसफाई झाली.’ सरकारी कागदांतसुद्धा गवताळ जमिनीला पुष्कळदा ‘पडीक’ म्हणतात.

पण मुनियाला विचार! तिचं स्वयंपाकघर गवतात, झोपायची खोली गवतात, पाळणाघरही गवतात. आणि तिची घरटी असतात पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतर. नेमकं तेव्हाच गवत वाळायला लागतं आणि माणसांना ते कापावंसं, पेटवावंसं वाटतं. लाल मुनियाला एक गवत गेलं तर दुसरं शोधता येतं. हिरवीच्या वर्तुळात, तिच्या मोजक्या जागांवर, गवत आणि झुडपं गेली तर तिने जायचं कुठे?

माउंट अबूला म्हणूनच मजा वाटते. तिथे हिरवी मुनिया शेतांच्या कडेलाच राहते. शेताच्या बांधावर झुडपांचं कुंपण असतं, ते तिचं लपायचं ठिकाण. तिथले वाटाडे पाहुण्यांना ती दाखवतात आणि त्यांची चार पैसे कमाई होते. जिवंत, मोकळ्या मुनियामुळे कमाई! पिंजऱ्यातली मुनिया एकदाच विकता येते. बांधावरची मुनिया दरवर्षी पाहुणे आणते.

आता तुझ्यासाठी एक काम. फार मजेचं आहे!

दरवर्षी फेब्रुवारीत जगभर चार दिवस पक्षी मोजतात. १९९८ साली अमेरिकेत हे सुरू झालं आणि २०१३ पासून भारतही त्यात आहे. तुला जंगलात जायला नको. गच्चीवर जा. फक्त १५ मिनिटं थांब. जे पक्षी दिसतील, ऐकू येतील, ते मोज आणि लिही. कबुतरं किती, साळुंक्या किती, बुलबुल किती. मग घरच्यांच्या मदतीने ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर ती यादी टाक. तुझ्या रामदासपेठेच्या गच्चीची यादी हवाईच्या यादीशेजारी जाऊन बसेल! तिथल्या मुलाच्या यादीत आपली लाल मुनिया असली तर?

आणि तुझ्या यादीत मुनिया नसली तर हिरमुसू नकोस. जे दिसलं ते सगळं लिहिलं असेल, तर जे दिसलं नाही तेही शास्त्रज्ञांना आपोआप कळतं! या गच्चीवरून, या दिवशी, १५ मिनिटांत मुनिया नव्हती. अशा हजारो याद्या एकत्र ठेवल्या की नकाशावर दिसायला लागतं, मुनिया कुठे आहे, कुठे नाही, आणि कुठे पूर्वी होती पण आता दिसत नाही. हिरवी मुनियासारख्या पक्ष्याचं वर्तुळ असंच काढतात. मोठ्या प्रयोगशाळेत बसून नाही, तर वही-पेन्सिल घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांनी पाठवलेल्या याद्यांवरून. त्यात कितीतरी तुझ्या वयाची असतात.

आधी ठिपकेवालीपासून सुरुवात कर. चोचीत लांब पात घेऊन उडणारी कुणी दिसली, तर ती कुठल्या झुडपात शिरली तेवढं लांबून बघून ठेव. जवळ जायचं नाही. तारीख लिही, वेळ लिही. आणि पेन्सिलीला टोक करून ठेव, कारण मुनिया फार वेळ एका जागी बसत नाही!